लेबलासकट संसार

आता तुम्हीच सांगा, माणूस दुपारचं जेवून स्वतःच्या पलंगावर जरा आडवा झालाय, डोळ्यांवर हात आहे, पायावर चादर आहे, घोरणं नुकतं कुठं सुरात लागलंय, आणि पायथ्याशी उभं राहून कोणी परका विचारतोय, "हा कितीला?" … तर त्या माणसानं काय करावं? तुम्ही असता तर ओरडला असता, हाताला लागेल ते घेऊन धावला असता, शेजारीपाजारी गोळा केले असते. माझ्या भाच्यानं काय केलं, तुम्हाला सांगतो. तो डोळे न उघडता भिंतीकडे सरकला, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाला, "झोपून बघा ना साहेब, गादी अशी उभ्या उभ्या कळत नाही." आणि तो माणूस बूट काढून झोपला की हो. आता पलंगावर दोघं. दोघं छताकडे बघतायत. हा म्हणतोय, "कमरेला कसं वाटतंय?" तो म्हणतोय, "कमरेला बरं आहे, पण बायकोला विचारावं लागेल." हा म्हणतोय, "मग वहिनींना बोलवा की, तिघं बसतात आरामात." आणि नेमकी तेव्हाच माझी भाचेसून ओल्या हातानं आतून बाहेर आली, बघते तर नवऱ्याच्या कुशीला मिशीवाला अनोळखी इसम.

तिनं आवाज चढवला असेल असं वाटतं ना तुम्हाला? छे. तिनं विचारलं, "दोघांना चहा टाकू का?"

मंदी आहे म्हटल्यावर चालायचंच.

बरं, हा प्रकार घरात चाललाय की दुकानात, असं तुम्ही विचाराल. तीच तर सगळी गंमत आहे, दोन्हीकडे. माझ्या भाच्याचं घरसजावटीचं दुकान आहे. सोफे, पलंग, पडदे, दिवे, गालिचे, आणि त्या छोट्या छोट्या उशा, ज्यांवर कोणी डोकं ठेवायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. मी त्याचा मामा. शाळेत मन रमलं नाही म्हणून लहानपणीच मला सोफ्यांत काथ्या भरायला बसवलं, तो जन्मभर भरत राहिलो. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. जीभ थरथरत नाही, म्हणून ती रोज दुकानात घेऊन जातो.

तर मंदी आली. कशी आली, कुठून आली, ते शिकल्या-सवरलेल्यांना विचारा, मला एवढंच दिसलं की गिऱ्हाईक यायचं थांबलं नाही, घ्यायचं थांबलं. येत होते सगळे. उलट जास्तच येत होते, कारण बाहेर कुठंही बसायचं म्हटलं की पैसे पडतात, आणि इथं असे सोफे… एक जोडपं यायचं, लग्न ठरलेलं, दर सुट्टीच्या दिवशी त्याच निळ्या सोफ्यावर बसून कुजबुजायचं. भाचा जवळ गेला की मुलगा म्हणायचा, "बघतोय फक्त." काय बघत होता ते मला दिसत होतं, सोफ्याकडे त्याची पाठ होती. एक बाई यायच्या, त्या टेप घेऊनच यायच्या, कपाट मापायच्या, उंची, रुंदी, खोली, कागदावर टिपून घ्यायच्या, आणि "घरी विचारते" म्हणून जायच्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच कपाट, तेच माप. मी एकदा म्हटलं, "बाई, ते आता वाढायचं नाही, वयात आलंय." तर भाचा माझ्यावर डाफरला, "मामा, तुम्ही गप्प बसा. गिऱ्हाईक आहे ते." मी म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक आहे तर कधीतरी काही घेऊन जाऊ दे की, निदान टेप तरी."

आणि दुसरं दुखणं म्हणजे ते मासिक. घर कसं सजवावं याचं एक मोठं मासिक निघतं, गुळगुळीत कागद, आणि एकेक घर असं की त्यात माणूस दिसायचा नाही. माझ्या भाच्याचा त्याच्यावर भारी जीव. मासिकात आलं की भिंतीला राखाडी रंग शोभतो, की हा राखाडी पडद्यांनी दुकान भरायचा. पुढच्या अंकात राखाडी गेला, पिवळा आला. की हा पिवळा. पूर्वी ते मासिक असं जाडजूड यायचं की उशाला घेतलं तर मान अवघडावी. मंदी आली आणि ते वाळत गेलं. जाहिरातीच गेल्या ना, जाहिरातवाले म्हणजे आमच्यासारखेच दुकानदार, त्यांच्याकडे कुठं पैसे. शेवटी शेवटी तर ते दाराच्या फटीतून आत यायला लागलं. आणि आतले लेखही कसे बदलले बघा. पूर्वी लिहायचे, "या ऋतूत सोफा बदला." मग लिहायला लागले, "सोफ्याचं कव्हर बदला." मग, "सोफ्याची दिशा बदला." भाचा तो अंक हातात घेऊन मला म्हणतो, "मामा, पुढच्या अंकात काय लिहितील हो?" मी म्हटलं, "सोफ्याकडे बघायची नजर बदला."

तो हसला नाही. कारण त्याला दोन भाडी झेपत नव्हती, राहत्या घराचं आणि दुकानाचं. एक सोडायला हवं होतं. दुकान सोडलं तर घरी बसून खायचं काय, म्हणून त्यानं घर सोडलं. एका सकाळी टेम्पो आला आणि संसार दुकानात येऊन उतरला. दिव्यांच्या विभागामागे यांचं शयनगृह. नमुन्याचं स्वयंपाकघर होतं, त्याच्या नळाला पाणीच नव्हतं, तिथं भाचेसुनेनं खरी शेगडी मांडली. दात घासायचे ब्रश कुठं, तर उंच निमुळत्या फुलदाणीत. आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्या संसाराला असं बसवायचं की इथं कोणी राहतच नाही… पण कुकरला कोण सांगणार? ऐन गिऱ्हाईक सोफ्याचं कापड चाचपतंय आणि आतून शिटी. भाचा शांतपणे म्हणायचा, "स्वयंपाकघराचा नमुना आहे, आवाजासकट."

भाचेसून सगळ्याला तयार झाली, पण एक अट घालून. माझ्यासमोर म्हणाली ती. "अहो, एक वर्ष. एक वर्ष मी दिव्यांमागे राहीन. पण वर्ष संपायच्या आत मला एक दार पाहिजे, असं दार की जे लावलं की लागतं. ज्यातून कोणी 'बघतोय फक्त' म्हणत आत येत नाही. नाही मिळालं तर मी आईला घेऊन भावाकडे जाणार, आणि तुम्ही बसा तुमच्या उशा थोपटत." भाचा म्हणाला, "मिळेल गं." पण त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याला कोणी चंद्रावर भाड्यानं खोली बघायला सांगितलीय. आणि बायकोवर त्याचा फार जीव हो, तसं तो दाखवत नाही, पण ती भावाकडे चार दिवस गेली तरी दिवे लावायला विसरतो. दिव्यांचं दुकान असून.

आता दुकानाचा एक नियम सांगायला हवा, त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. भाच्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, आता नाहीत ते, पण त्यांनी दुकान घातलं तेव्हा एक नियम करून ठेवला होता. ज्याच्यावर लेबल आहे ते गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. राखून ठेवलंय, उद्या या, हे नमुन्याचं आहे, असलं काही बोलायचं नाही. लेबल आहे, किंमत मोजली, वस्तू गेली. आणि भाचा वडिलांचा शब्द असा पाळणारा की काय सांगू. म्हणजे बघा काय झालं, हे जेवतात ते टेबल लेबलाचं, झोपतात तो पलंग लेबलाचा, आरशात बघून भांग पाडतात तो आरसा लेबलाचा. एकदा हा दाढी करतोय, अर्धी झालीय, गिऱ्हाईक आलं आणि आरसा घेऊन गेलं. उरलेली अर्धी मी सांगेन तशी केली त्यानं. मी मुद्दाम थोडं चुकवून सांगितलं. आता काय करणार, संधी रोज थोडीच येते?

मंदी आहे म्हटल्यावर चालायचंच.

तर या सगळ्यात विहीणबाई आल्या. भाचेसुनेच्या आई. त्या लेकीकडेच राहायच्या, सामान हलवायच्या गडबडीत त्यांना थोडे दिवस मुलाकडे पाठवलं होतं, त्या परत आल्या आणि येताना आपली खुर्ची घेऊन आल्या. खुर्ची म्हणजे… काय सांगू. एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. हातांवरचं पॉलिश चाळीसेक वर्षांच्या कोपरांनी पुसलेलं. कापडाचा रंग कोणता म्हणाल, तर रंग होता एवढंच सांगता येईल. मधोमध बसून बसून असा खळगा पडलेला की त्यात विहीणबाई अंड्यासारख्या बसायच्या. आल्या आल्या ती खुर्ची दुकानाच्या मध्यावर ठेवली, बसल्या, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, इथं बसण्यासारखी एकच खुर्ची आहे. ही."

मला राहवलं नाही. त्या आत हात धुवायला गेल्या, तेवढ्यात मी एक लेबल घेतलं, त्यावर दुकानातल्या सगळ्यात भारी खुर्चीच्याही वरची किंमत घातली आणि त्या खुर्चीला अडकवलं. म्हटलं, बाई बाहेर येतील, बघतील, चिडतील, दोन शब्द ऐकवतील, दुपार बरी जाईल. एवढाच विचार हो.

पण विहीणबाईंच्या आधी आल्या त्या टेपवाल्या बाई. कपाट मापायला. मापून दमल्या आणि टेकल्या, टेकल्या त्या नेमक्या त्या खुर्चीत. बसल्या आणि त्यांच्या तोंडून असा "हुश्श" निघाला की तसा हुश्श त्या दुकानात त्याआधी कोणाच्या तोंडून निघाला नव्हता. डोळे मिटले. मग लेबल बघितलं. मग म्हणाल्या, "हीच द्या."

भाचा म्हणाला, "अहो ताई, ती…" आणि थांबला. लेबल समोर लोंबतंय. वडिलांचा नियम वर भिंतीवर, फोटोतल्या वडिलांसकट. त्याचा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे असं बघितलं त्यानं की मी गालिचे मोजायला लागलो. तो म्हणतो, "ताई, ती जुनी आहे." बाई म्हणतात, "म्हणूनच. नवीन काय, आज चकाकतं आणि उद्या कुरकुरतं. या दिवसांत कोण धोका घेईल? ही टिकलीय हे दिसतंय ना डोळ्यांनी." आणि नेमक्या विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

मी दाराकडे सरकलो. वय झालंय, पण पळण्यापुरतं आहे अजून अंगात.

विहीणबाईंनी बाईंना बघितलं. लेबल बघितलं. मग मला बघितलं, ते मी विसरणार नाही. मग बाईंच्या समोर एक स्टूल ओढून बसल्या आणि चौकशी सुरू केली. "पाय खाली टेकतात का तुमचे? … मग बसताना डावीकडून बसायचं, उजवीकडे ती जरा कललीय. भाजी निवडता का? … या हातावर चाळण राहते. आमचे हे जिवंत होते तेव्हा याच खुर्चीत बसून माझ्याशी भांडायचे, भांडताना कधी कुरकुरली नाही हो, त्यांचाच आवाज जास्त. तुमच्याकडे भांडणं होतात का?" बाई म्हणाल्या, "होतात की." विहीणबाई म्हणाल्या, "मग घेऊन जा. पण पुठ्ठ्याचे वेगळे पडतील."

पुठ्ठ्याचे वेगळे घेतले हो त्यांनी.

खुर्ची गेली. भाचेसून रडायच्या बेतात, "आई, तुझी खुर्ची…" आणि विहीणबाई मात्र अशा खुललेल्या, गाल लाल, जणू कुठली तरी स्पर्धा मारलीय. म्हणाल्या, "अगं, मेली कधीची टोचत होती. जावईबापू, ती हिरवी इकडे ओढा. उद्यापासून मी तिच्यात बसते."

आणि तुम्हाला सांगतो, तिथून दुकानाची तऱ्हाच फिरली. विहीणबाई ज्यात बसतील ते विकलं जायचं. हिरवी खुर्ची कित्येक महिने लग्नाच्या मुलीसारखी सजवून ठेवली होती, कोणी विचारत नव्हतं. विहीणबाई आठवडाभर बसल्या, एकदा चहा सांडला, एका हातावर सुई टोचून ठेवायची सवय लावली… गेली. गिऱ्हाईक यायचं, नव्या सोफ्याकडे ढुंकून बघायचं नाही, म्हणायचं, "वापरलेलं दाखवा." मग भाच्यानं सगळ्यांना कामाला लावलं. भाचेसून टेबलावर रोज भाजी चिरायची, हळूहळू पण मन लावून. तो निळा सोफा माझ्याकडे, दुपारी झोपून त्याला माणसाचा आकार द्यायचा. मी जन्मभर सोफे फुगवले, म्हातारपणी चेपायची नोकरी लागली. पलंग भाच्याकडे, म्हणून तर तो मिशीवाला साहेब आला तेव्हा तो झोपलेला होता, आळशी नाहीये हो तो, ड्यूटीवर होता.

पण एक अडचण. विकलं की नवीन माल भरायला कारखानेवाला उधारीवर काही देईना. तोही म्हणतो, मंदी आहे. म्हणजे दुकान रिकामं होत चाललं. एवढ्या मोठ्या दालनात एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा, आणि दिव्याखाली विहीणबाई.

अशात त्या मासिकाच्या संपादकबाई आल्या. का आल्या, तर जाहिरात मागायला. आणि भाचा कित्येक दिवस ठरवत होता की त्यांना गाठून म्हणायचं, आमच्याबद्दल फुकटात दोन ओळी छापा. दोघं एकमेकांसमोर बसले, दोघं गोड हसतायत, दोघं "तुमचं कसं काय" करतायत, आणि दोघांच्याही हातात न दिसणारी एकेक भिकेची वाटी. चहा झाला. दुसरा चहा झाला. शेवटी संपादकबाईंनी सुस्कारा सोडला, मान वर केली आणि दुकानभर बघितलं. बघतच राहिल्या. उठल्या. मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?"

भाचा म्हणाला, "काय?"

"हे… एवढी जागा सोडायचं धाडस. एकच दिवा. हा चहाचा डाग. ही आजी."

आता भाचा खरं सांगणार होता. सरळ माणूस आहे, तोंड उघडलं होतं त्यानं. मी मध्ये पडलो. म्हटलं, "बाई, हे एका फार मोठ्या कारागिराचं काम आहे, तो सध्या सगळीकडे हिंडून घरं रिकामी करतोय. माझ्या भाच्याकडे जरा जास्त दिवस मुक्काम केला त्यानं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. हुशार बाई. ओठांच्या कोपऱ्यात हसल्या आणि म्हणाल्या, "ओळखते मी त्याला काका. आमच्या कचेरीतही येऊन गेलाय, निम्मी टेबलं घेऊन गेला. पण मला अंक भरायचाय, आणि श्रीमंतांची घरं सध्या रंगवली जात नाहीयेत. उद्या कॅमेरा घेऊन येते."

आल्या. फोटो काढले. अंक आला. वर ठळक छापलं होतं, "मोजक्यात नांदणारं घर", आणि खाली, "इथली प्रत्येक वस्तू जगली आहे." मुखपृष्ठावर विहीणबाई, दिव्याखाली, हातात सुई, नजर अशी की कॅमेऱ्यालाच किंमत सांगतायत. आणि खांद्यावरून लोंबतंय एक लेबल. ते कुठून आलं मला विचारू नका.

मग काय, गर्दी. एक गृहस्थ मासिक घेऊनच आले, मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाले, "दिवा पाहिजे, खुर्ची पाहिजे, आणि या आजी…" भाचा म्हणाला, "त्यांचं काय?" ते म्हणाले, "नाही, लेबल आहे म्हणून विचारलं." आणि भाच्यानं वडिलांच्या फोटोकडे बघितलं. नुसतं बघितलं हो, पण जरा जास्त वेळ बघितलं. आतून भाचेसून म्हणाली, "अहो, विचारसुद्धा करू नका." विहीणबाई म्हणाल्या, "किती देतायत ते तरी ऐकू दे."

असं करत करत कारखानेवाला माल द्यायला लागला, हे सगळे बसून बसून तो चेपायला लागले, आणि वर्ष संपायला थोडे दिवस असताना भाच्यानं बायकोच्या हातात किल्ली ठेवली. दोन खोल्या, लहानशाच, पण दार पक्कं, घट्ट लाकडाचं. तिनं आत जाऊन दार लावलं. उघडलं. परत लावलं. कितीदा तरी. हा बाहेर जिन्यात उभा, आत घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, आणि हा बावळट तिथं उभा राहून हसतोय, डोळे पुसतोय. मीही होतो. माझ्या डोळ्यात जिन्यातली धूळ गेली होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती ना? तुम्हीही उठायच्या बेतात आहात. पण विहीणबाई राहिल्या की.

नव्या घरात भाच्यानं हौसेनं सगळं नवं नेलं. सोफा, पलंग, टेबल, चार खुर्च्या. एकाही वस्तूवर लेबल नाही, त्यानं स्वतः उलटं पालटं करून बघितलं. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी घरी येतो, तर जिन्यात खालच्या मजल्यावरचा शेजारी याचा सोफा डोक्यावर घेऊन उतरतोय. शेजारीण साखर मागायला आली होती, टेकली, विहीणबाईंनी विचारलं, "पाय खाली टेकतात का तुमचे?" … झालं. हा म्हणतो, "आई, अहो त्याला लेबल नव्हतं." त्या म्हणाल्या, "जावईबापू, तोंडानं सांगितली ना मी किंमत." मग टेबल गेलं. मग खुर्च्या गेल्या. मग पलंग गेला, तो तर गच्चीवरच्या माणसानं नेला, ज्याला पलंग नकोच होता.

भाचा कपाळाला हात लावून बायकोला म्हणाला, "अगं, उद्या दुसरा सोफा आणतो." आणि तुम्हाला सांगतो, रिकाम्या खोलीच्या मधोमध मांडी घालून बसलेली ती बाई, दाराकडे बघत, इतकी शांत, इतकी सुखात, म्हणाली, "स्टूलसुद्धा आणायचं नाही. बसायला काही आहे म्हणून लोक येतात. आणि आता विकायला काही नाही म्हणून आईपण गप्प आहे."

तेव्हापासून अर्ध्या गावाला बसायला देणारा माझा भाचा स्वतःच्या घरी भिंतीला टेकून जेवतो. मी जातो कधीतरी भेटायला. भाचेसून फार अगत्याची हो, दार उघडते, म्हणते, "मामा, उभे का, बसा ना," आणि जमीन दाखवते. माझे हे गुडघे. एकदा बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या एक विहीणबाईच असणार, त्या आधी किंमत विचारतील. म्हणून हल्ली मी उंबऱ्यावरूनच चार शब्द बोलतो आणि परत फिरतो. मागे दार लागल्याचा आवाज येतो, इतका समाधानाचा की मला रागावताही येत नाही.